रेडियल इंजिनाचे मॉडेल: आधी मध्य, मग खोली, तारा सर्वांत शेवटी

नमस्कार. आपण १/४८ मापातील एफ६एफ हेलकॅट विमान आणि १/३५ मापातील एम४ए१ शर्मन रणगाडा ही दोन किट एकाच वेळी करायला घेतली आहेत. दोन्ही यंत्रांना मुळात रेडियल इंजिन, म्हणजे मध्याभोवती ताऱ्यासारखे सिलिंडर मांडलेले इंजिन होते, आणि किटमधले इंजिन आपल्याला सपाट व निर्जीव वाटते. त्यावरून आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. रेझिनचे किंवा थ्रीडी प्रिंट केलेले वेगळे इंजिन घ्यावे की किटमधल्याच इंजिनावर काम करावे, इग्निशनच्या (स्पार्क प्लगना वीज पोचवणाऱ्या) तारा कशा लावाव्यात, आणि रंगकाम आधी करावे की जोडणी आधी.

या तिन्हींच्या मुळाशी माझ्या मते एकच प्रश्न आहे: मॉडेल पूर्ण झाल्यावर इंजिनाचा कोणता भाग, कोणत्या बाजूने आणि किती उजेडात दिसणार आहे? विमानात इंजिनाचे तोंड समोर असते आणि काउलिंगच्या, म्हणजे इंजिनाभोवतीच्या पत्र्याच्या आवरणाच्या, तोंडातून ते थेट पाहणाऱ्याच्या नजरेस पडते. रणगाड्यात तेच इंजिन पाठीमागच्या कप्प्यात असते आणि दारे बंद असतील तर मुळीच दिसत नाही. तरीही रणगाड्याचा बाह्य आकार त्याच इंजिनामुळे ठरलेला असतो. त्यामुळे एकाच जातीच्या इंजिनासाठी दोन्ही ठिकाणी वेगळा विचार करावा लागतो, आणि तो न करता तारा लावायला बसले की बरीच मेहनत अंधारात जाते.

काही गोष्टी अर्थातच परिस्थितीवर अवलंबून आहेत. आपल्या किटचे काउलिंग एकसंध कड्यासारखे आहे की पाकळ्यांमध्ये विभागलेले, आपण इंजिनाची दारे उघडी दाखवणार आहात का, आपल्याकडे एअरब्रश आहे की सगळे काम हाताच्या ब्रशने होणार, यावर तपशील बदलतील. पण कामाचा क्रम बदलत नाही. इंजिनाचा मध्य बरोबर साधणे पहिले, काउलिंगच्या आत त्याला योग्य खोली देणे दुसरे, आणि तारा व नळ्या त्यानंतर.

सुरुवात सिलिंडर मोजण्यापासून करावी. चार स्ट्रोकच्या रेडियल इंजिनात प्रत्येक रांगेत सिलिंडरांची संख्या विषम असते, कारण क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांमध्ये एकाआड एक सिलिंडर पेटत जाऊन सर्वांची पाळी समान अंतराने यावी लागते. नऊ सिलिंडरांच्या इंजिनात हा क्रम १-३-५-७-९-२-४-६-८ असा जातो. दोन रांगांच्या इंजिनात मागच्या रांगेचे सिलिंडर पुढच्या रांगेच्या फटींमध्ये येतात, म्हणजे त्यांनाही थेट हवा मिळते. हेलकॅटचे प्रॅट अँड व्हिटनी आर-२८०० हे इंजिन नऊ आणि नऊ अशा अठरा सिलिंडरांचे आहे. डाकोटा आणि बी-२४ यांवरील आर-१८३० सात आणि सात अशा चौदा सिलिंडरांचे आहे. बी-१७ आणि डाँटलेसवरील राइट आर-१८२० एकाच रांगेत नऊ सिलिंडरांचे आहे. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या विमानांतही हा फरक असू शकतो. ग्रुमनच्या एफ४एफ वाइल्डकॅटला चौदा सिलिंडरांचे आर-१८३० होते, पण त्याच घराण्यातील एफएम-२ ला एका रांगेचे आर-१८२० बसवले गेले. एकाचे इंजिन दुसऱ्यात घातले तर जाणकाराला ते समोरून पाहताक्षणी कळते.

सिलिंडर मोजून झाले की इंजिन कोणत्या कोनात बसते ते पाहावे, कारण येथे किटच्या सूचनापत्रावर डोळे मिटून विसंबता येत नाही. एका रांगेच्या नऊ सिलिंडरांच्या राइट इंजिनात पहिला सिलिंडर बरोबर वर असतो आणि तळाशी दोन सिलिंडरांमधली फट येते. प्रॅट अँड व्हिटनीच्या दोन रांगांच्या इंजिनांत मात्र पहिला सिलिंडर मागच्या रांगेत वर असतो, त्यामुळे पुढच्या रांगेत वरती फट दिसते आणि तळाशी बरोबर मध्यभागी सिलिंडर येतो. हेलकॅटच्या काउलिंगमध्ये समोरून पाहिले की वरच्या फटीतून मागच्या रांगेचा सिलिंडर डोकावला पाहिजे. किटमधील इंजिनाच्या मागच्या बाजूला खाच किंवा खुंटी असते, आणि ती थोडीशी सरकलेली असली तर संपूर्ण इंजिन वीस अंशांनी फिरलेले दिसते. अशा वेळी खुंटी कापून टाकावी आणि फोटोवरून कोन ठरवावा. नळ्या आणि तारांपेक्षा ही एक दुरुस्ती मॉडेलला अधिक खरेपणा देते, आणि तिला पाच मिनिटेही लागत नाहीत.

आता रेझिनच्या इंजिनाचा प्रश्न. विकत घ्यायच्या आधी एक हिशेब करून पाहावा. आर-२८०० चा खरा व्यास सुमारे १.३४ मीटर आहे. १/४८ मध्ये तो सुमारे २७.९ मिलिमीटर होतो, १/७२ मध्ये १८.६ आणि १/३२ मध्ये ४१.९. आता आपल्या किटच्या काउलिंगची भिंत मोजा. ती बहुधा एक मिलिमीटरच्या जवळपास जाड असेल. १/४८ मध्ये एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर ४८ मिलिमीटर, आणि खऱ्या काउलिंगचा पत्रा तर एखाद-दोन मिलिमीटरचाच असतो. म्हणजे काउलिंग बाहेरून अचूक मापात असेल तर आतून ते खऱ्यापेक्षा बरेच अरुंद असते. किट बनवणारे म्हणूनच अनेकदा इंजिन किंचित लहान करतात, आणि ते चूक नसते. उलट अचूक मापात बनवलेले सुटे इंजिन आत जातच नाही, किंवा सिलिंडरांची डोकी काउलिंगला घासतात आणि बाहेरचा गोल फुगतो.

त्यामुळे सुटे इंजिन घेण्याआधी कॅलिपरने काउलिंगचा आतील व्यास मोजणे मी आवश्यक मानतो. आतील व्यास इंजिनाच्या व्यासापेक्षा अर्ध्या मिलिमीटरने तरी जास्त असावा. तेवढी जागा नसेल तर दोनच मार्ग उरतात. एक, काउलिंग आतून बारीक करणे. जाड दांड्याला १८० आणि मग ४०० नंबरचा सँडपेपर गुंडाळून हळूहळू घासायचे, आणि दर थोड्या वेळाने उजेडासमोर धरून पाहायचे. प्लास्टिक सर्वत्र सारखेच पारदर्शक होऊ लागले की भिंत सगळीकडे सारखी पातळ झाली असे समजावे. एखादी जागा लवकर उजळली तर तेथे घासणे थांबवावे. दुसरा मार्ग म्हणजे रेझिनच्या इंजिनाच्या सिलिंडरांची डोकी वरून किंचित घासणे. डोक्यांचा वरचा भाग काउलिंगच्या आत लपतो, म्हणून हा उपाय दिसत नाही. रेझिन घासताना ते पाण्याखाली ओले करून घासावे आणि मास्क लावावा, कारण त्याची धूळ फुफ्फुसांना घातक आहे.

हेलकॅटच्या बाबतीत माझे मत विचाराल तर रेझिनचे इंजिन घेणे योग्य ठरू शकते, कारण त्याचे काउलिंगचे तोंड मोठे आहे, प्रोपेलरला मोठे टोपण नाही आणि पुढची रांग जवळजवळ पूर्ण दिसते. पण सगळ्याच विमानांना हे लागू नाही. फोक-वुल्फ १९० च्या बीएमडब्ल्यू ८०१ इंजिनासमोर थंडाव्यासाठी पंखा असतो आणि त्यामागचे चौदा सिलिंडर केवळ सावलीसारखे जाणवतात. आय-१६ च्या काउलिंगच्या पुढच्या तबकडीवर झडपा असलेली नऊ छिद्रे आहेत. सी फ्युरीचे काउलिंग घट्ट आणि टोपण मोठे आहे. अशा विमानांसाठी किटमधलेच इंजिन काळे रंगवून त्यावर थोडा धातूचा हात फिरवला तरी पुरेसे आहे, आणि उरलेला वेळ काउलिंगचा सांधा गुळगुळीत करण्यात घालवावा.

सी फ्युरीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट आवर्जून सांगतो. ब्रिस्टलची हर्क्युलिस आणि सेंटॉरस ही इंजिने स्लीव्ह व्हॉल्व्हची आहेत. त्यांत वर-खाली होणारे नेहमीचे व्हॉल्व्ह नाहीत. सिलिंडरच्या आतली नळी फिरत आणि सरकत छिद्रे उघडते व मिटवते. म्हणून त्यांना पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याही नाहीत. ब्यूफायटर, हॅलिफॅक्स मार्क तीन किंवा टेम्पेस्ट मार्क दोन करताना उत्साहाने पुढे पुशरॉड लावले तर इंजिन अधिक सजलेले दिसते, पण ते इंजिन त्या विमानाचे राहत नाही. तपशील वाढवण्याआधी तो तपशील मुळात होता का, हे पाहावे.

आपल्या आर-२८०० ला पुशरॉड आहेत. प्रत्येक सिलिंडरला दोन, आणि पुढच्या रांगेचे पुशरॉड समोरून दिसतात. क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या मधल्या पेटीतून, निघून ते सिलिंडरच्या डोक्यावरील दोन खोक्यांकडे थोडे फाकत जातात. किटमध्ये ते सिलिंडरवरच उठावाने दिलेले असतील तर त्यांना मागे जागा नसते, सावली पडत नाही, आणि इंजिन सपाट वाटण्याचे खरे कारण पुष्कळदा हेच असते. नळीची जाडी अडीच सेंटिमीटर धरली तर १/४८ मध्ये ती अर्ध्या मिलिमीटरची होते. उठाव धारदार चाकूने तासून काढावेत, दोन्ही टोकांना अर्ध्या मिलिमीटरच्या ड्रिलने उथळ खड्डे पाडावेत आणि त्यांत प्लास्टिकची किंवा पितळेची अर्ध्या मिलिमीटरची काडी बसवावी. खड्डे आधी सगळ्या सिलिंडरांवर पाडून घ्यावेत, मग काड्या एका लांबीच्या कापाव्यात. एकेक सिलिंडर पूर्ण करत गेल्यास शेवटचा पहिल्याशी जुळत नाही. एवढे काम केले तर रेझिनच्या इंजिनाची गरज उरत नाही, असे मी अनेकदा अनुभवले आहे.

इग्निशनच्या ताराही अशाच हिशेबाने लावाव्यात. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात, एक पुढे आणि एक मागे, म्हणजे आर-२८०० ला एकूण छत्तीस. छत्तीस तारा लावण्याचा अट्टहास करू नये. समोरून नीट दिसतात त्या पुढच्या रांगेच्या. क्रँककेसच्या पुढच्या भागाभोवती तारा वाहून नेणारे एक कडे असते आणि त्यातून तारा सिलिंडरांकडे जातात. खऱ्या तारेची आवरणासकट जाडी एक सेंटिमीटर धरली तर १/४८ मध्ये ०.२ मिलिमीटर होते. ०.३ मिलिमीटरची तार सहज मिळते म्हणून ती वापरण्याचा मोह होतो, पण ती खऱ्या मापात दीड सेंटिमीटरच्या जवळ जाते आणि इंजिनावर दोरखंड बांधल्यासारखे दिसते. शिशाची ०.२ मिलिमीटरची तार उत्तम, कारण ती वाकवली की तशीच राहते. तांब्याची बारीक तारही चालते, पण तिला आधी मेणबत्तीवर तापवून मऊ करावे. कडे थोड्या जाड तारेचे करावे आणि ते योग्य व्यासाच्या ड्रिलच्या दांड्यावर गुंडाळून घ्यावे, म्हणजे गोल चुकत नाही. सुपरग्लू टोकावर थेट सोडू नये. कागदावर एक थेंब ठेवून तारेचे टोक त्यात बुडवावे आणि मग लावावे.

१/७२ मध्ये मी तारा लावत नाही. तेथे तारेची जाडी ०.१४ मिलिमीटरच्या आसपास येते, आणि काउलिंगच्या आतल्या अंधारात ती दिसत नाही. दिसते ती केवळ गोंदाची चकाकी.

आता खोलीविषयी, कारण इंजिन सपाट वाटण्याचा तोडगा मुख्यतः रंगात आहे. मी पुढची रांग, मागची रांग आणि क्रँककेस हे तीन भाग वेगळे ठेवून रंगवतो. सर्व भागांना आधी काळा मॅट प्राइमर. मागची रांग त्यानंतर गडद पोलादी रंगात, आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचा अगदी हलका कोरडा ब्रश, म्हणजे जवळजवळ सगळा रंग पुसून टाकलेल्या ब्रशचा हात. पुढच्या रांगेत सिलिंडरचा खालचा नळकांड्यासारखा भाग आणि वरचे डोके यांत फरक ठेवतो: नळकांडे किंचित गडद, डोके ओतीव ॲल्युमिनियमच्या फिकट छटेत. मग तेलरंगाचा काळा आणि तपकिरी मिसळून पातळ केलेला वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा रंग, फिन्समध्ये (सिलिंडरवरील थंडाव्याच्या पातळ पात्यांमध्ये) सोडतो. तो वाळल्यावर फिन्सच्या कडांवर पुन्हा एकदा कोरडा ब्रश. मागची रांग पुढच्यापेक्षा एक छटा गडद राहिली की दोन रांगांमध्ये अंतर आहे असे डोळ्याला आपोआप वाटते, प्रत्यक्षात ते दोन-तीन मिलिमीटरच असले तरी. एअरब्रश नसला तरी ही पद्धत पूर्णपणे हाताने करता येते, कारण यातले बहुतेक काम कोरड्या ब्रशचे आणि वॉशचे आहे.

युद्धकालीन आर-२८०० च्या क्रँककेसचा पुढचा भाग सामान्यतः करडा रंगवलेला दिसतो. संग्रहालयातील इंजिनांचे रंगीत फोटो पाहून रंग ठरवताना मात्र सावध असावे. प्रदर्शनासाठी दुरुस्त केलेल्या इंजिनांवर नवा चकचकीत रंग असतो, नळ्यांना क्रोमचा मुलामा असतो आणि आतले भाग दिसावेत म्हणून अनेकदा त्यांचे काप घेतलेले असतात. ते रचना समजून घ्यायला अमूल्य आहेत, रंग समजून घ्यायला तितके नाहीत. रंगासाठी त्याच काळातले, त्याच विमानाच्या देखभालीचे फोटो पाहावेत.

जोडणीत सर्वांत जास्त काळजी मध्याची घ्यावी. काउलिंग, इंजिन आणि प्रोपेलर या तिघांचा मध्य एका रेषेत नसेल तर पाहणाऱ्याला काय चुकले ते सांगता येत नाही, पण काहीतरी चुकले आहे हे जाणवते. प्रोपेलरच्या छिद्रातून पितळेची लांब सरळ काडी घालावी आणि काहीही न चिकटवता मॉडेल वरून व बाजूने पाहावे. वरून काडी धडाच्या मध्यरेषेत आली पाहिजे. बाजूने पाहताना मात्र ती आडवी असलीच पाहिजे असे नाही. हेलकॅटचे इंजिन मुळातच थोडे खाली झुकवलेले होते, त्यामुळे पुढे काडी किंचित उतरती दिसली तर घाबरून ती सरळ करू नये. चांगल्या मापाच्या बाजूच्या रेखाचित्रावर मॉडेल ठेवून हा कोन तपासता येतो.

आपला रंग आधी की जोडणी आधी हा प्रश्न येथे सुटतो. इंजिन पूर्ण रंगवून, तारांसकट तयार करून बाजूला ठेवावे. काउलिंग वेगळे जोडावे, त्याचा सांधा घासून घ्यावा, आतून रंगवावे आणि मग विमानाच्या बाहेरील रंगाबरोबरच ते रंगवावे. काउलिंग पाकळ्यांचे असेल आणि इंजिनाभोवतीच जुळवावे लागत असेल तर इंजिन आत घालून तोंडावर ओला टिश्यू पेपर दाबून बसवावा; मास्किंग टेपपेक्षा तो सिलिंडरांच्या मधल्या जागेत नीट बसतो आणि काढताना तारा ओढत नाही. प्रोपेलर सर्वांत शेवटी, आणि शक्य असेल तर गोंद न लावता.

दोन इंजिनांचे आणि पुढे चाक असलेले विमान, उदाहरणार्थ बी-२५, पुढे कधी कराल तर इंजिनामागची पोकळी वाया घालवू नका. ती मुख्य चाकांच्या पुढे येते, म्हणून शेपटीवर बसू पाहणाऱ्या मॉडेलसाठी वजन ठेवायला तिचा उपयोग होतो. हेलकॅटला मागे शेपटीचे चाक असल्याने आपल्याला ही अडचण नाही.

आता शर्मनकडे वळू. एम४ए१ मध्ये काँटिनेंटल आर-९७५ होते, राइटच्या व्हर्लविंड या विमान इंजिनाची परवान्याने बनवलेली नऊ सिलिंडरांची आवृत्ती. त्याचा व्यास सुमारे १.१४ मीटर, म्हणजे १/३५ मध्ये सुमारे ३२.७ मिलिमीटर. शर्मन एवढा उंच का, याचे एक मोठे कारण हेच इंजिन. गोल इंजिन उभे राहते, त्याचा शाफ्ट मध्यातून म्हणजे बराच वरून निघतो, आणि तो टरेटच्या (तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या) खालून थेट पुढच्या गिअरबॉक्सपर्यंत जातो. त्यामुळे टरेटचा तळ आणि त्याबरोबर सगळा रणगाडा वर उचलला गेला. एम१८ हेलकॅट या टँकविरोधी वाहनात याच जातीचे इंजिन असूनही गिअर लावून शाफ्ट खाली उतरवला गेला आणि वाहन बसके झाले.

याचा मॉडेलशी संबंध असा की शर्मनच्या प्रत्येक प्रकाराचा मागचा भाग त्याच्या इंजिनावरून ठरतो. एम४ आणि एम४ए१ यांत रेडियल, एम४ए२ मध्ये जनरल मोटर्सची दोन डिझेल इंजिने, एम४ए३ मध्ये फोर्डचे व्ही-८, आणि एम४ए४ मध्ये क्रायस्लरचे तीस सिलिंडरांचे मल्टिबँक, ज्याच्यासाठी हल (रणगाड्याचे धड) अकरा इंचांनी लांबवावा लागला. डेकवरील (इंजिनाच्या कप्प्यावरच्या छतावरील) जाळ्या, मागची दारे, एअर क्लीनर आणि एक्झॉस्ट यांची मांडणी त्यानुसार बदलते. आपल्या एम४ए१ च्या मागे खाली इंजिनाची जोडदारे असावीत, आणि वरच्या पुढे आलेल्या भागाखाली दोन एअर क्लीनर. जुन्या किटमध्ये एकाचा हल आणि दुसऱ्याचा डेक असे मिश्रण झालेले असू शकते, म्हणून इंजिन विकत घेण्याआधी हे तपासा. स्टुअर्ट या हलक्या रणगाड्याच्या बाबतीतही हीच खबरदारी हवी: एम३ ला काँटिनेंटलचे सात सिलिंडरांचे रेडियल डब्ल्यू-६७० होते, काहींना गिबर्सनचे डिझेल रेडियल, पण एम५ ला कॅडिलॅकची दोन व्ही-८ इंजिने होती, तेथे रेडियलचा प्रश्नच येत नाही.

दारे बंद ठेवणार असाल तर शर्मनला इंजिन लावू नये, असे मी स्पष्टच सांगेन. हलच्या आतून काळा रंग द्यावा म्हणजे जाळ्यांमधून उजेड आरपार जात नाही, आणि काम संपले. दारे उघडी ठेवायची असतील तर इंजिनाची दिशा काळजीपूर्वक समजून घ्या. रणगाड्यात इंजिनाचे शाफ्टचे तोंड पुढे, म्हणजे सैनिकांच्या कप्प्याकडे असते. फ्लायव्हीलला लावलेला मोठा पंखाही पुढेच असतो आणि तो सिलिंडरांवरून हवा मागे ढकलतो. मागचे दार उघडून दिसते ती इंजिनाची पाठ: मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज बनवणारे यंत्र), कार्ब्युरेटर आणि इतर सुटी यंत्रे, त्यांच्या भोवती पाइपांचे जाळे, आणि त्यामागे सिलिंडर. विमानासाठी बनवलेले व्हर्लविंड हाताशी आहे म्हणून ते तोंड बाहेर करून बसवले तर संपूर्ण रचना उलटी होते. येथे आर-९७५ चे रणगाड्यासाठीच बनवलेले सुटे इंजिन घेणे मला योग्य वाटते, कारण पाठीमागची सगळी यंत्रे स्वतः घडवणे हे इंजिनापेक्षा मोठे काम आहे. इंजिन बाहेर काढलेले दृश्य करायचे असेल तर एम१८ अधिक सोयीचा: त्याचे इंजिन रुळांवर बसवलेले होते आणि मागचे दार खाली पाडून त्यावर ओढून घेता येत असे.

शेवटी तेलाविषयी, कारण जुनाटपणा दाखवताना दोन्ही मॉडेलवर याच इंजिनाची खूण राहते. रेडियल इंजिन थांबलेले असताना तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साठते. ते तसेच ठेवून इंजिन सुरू केले तर पिस्टनला न दबणारे द्रव अडते आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून विमानाचा प्रोपेलर सुरू करण्याआधी हाताने फिरवत, आणि शर्मनचे चालक दल लांब हँडलने इंजिन फिरवून घेत असे. आपल्या किटच्या अवजारांत एक लांब क्रँक हँडल असेल तर ते यासाठीच आहे, ते गाळू नका.

डाग काढताना मात्र दोघांचा नियम वेगळा. विमानावर तेल वाऱ्याबरोबर मागे जाते: काउल फ्लॅपच्या, म्हणजे काउलिंगच्या मागच्या कडेवरील झडपांच्या, फटींतून निघून धडाच्या पोटाखाली लांब, पातळ, पुढून मागे विरत जाणाऱ्या रेषा. कॉर्सेअरवर तर वरच्या काउल फ्लॅपमधून तेल थेट समोरच्या काचेवर उडत असे, म्हणून ते फ्लॅप पुढे कायमचे बंद केले गेले. त्या विमानावर वरच्या बाजूचे डागही समर्थनीय आहेत. रणगाड्यावर तेल वजनाने खाली उतरते आणि धूळ त्याला चिकटते, म्हणून मागच्या दारांच्या कडांवरून उभे, जाड, मळकट ओघळ. एक्झॉस्टच्या तोंडाशी मी निव्वळ काळा वापरत नाही. त्या काळातल्या शिसेयुक्त पेट्रोलमुळे, विशेषतः कमी इंधनाच्या मिश्रणावर लांब उड्डाण केलेल्या विमानांवर, मध्ये फिकट करडा-तपकिरी थर दिसतो आणि काळा केवळ कडेला राहतो. पेस्टल खडूची पूड मऊ ब्रशने थोडी थोडी लावत हा थर उत्तम साधतो. लावून झाल्यावर त्यावर वार्निश मारू नये, नाहीतर अर्धी पूड नाहीशी होते.

आपण हेलकॅटच्या काउलिंगचा आतील व्यास आणि शर्मनच्या डेकचा एक फोटो दिलात, तर रेझिनचे इंजिन बसेल का आणि डेक खरोखर एम४ए१ चाच आहे का, हे नक्की सांगता येईल.